कपाळावरची पट्टी आणि आईची भूल

आदरणीय डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आईचं वय ७१. तिच्या पित्ताशयात खडे आहेत. दोनदा मध्यरात्री पोटात कळ आली आणि गाडी करून मिरज गाठावी लागली. आता दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय आणि पूर्ण भूल द्यावी लागेल असं सांगितलंय. घरात सगळे धास्तावलेत, कारण वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना दोन-तीन रात्री भ्रम झाला होता. ‘बागेला पाणी सोडायचंय’ म्हणत पलंगावरून उतरायचे, आम्हाला ओळखायचे नाहीत. त्यांना तर फक्त कमरेत इंजेक्शन दिलं होतं. मग पूर्ण भूल दिल्यावर आईचं काय होईल? शिवाय भाच्याचा मोडलेला हात बसवताना त्याला भूल दिली, तेव्हा तो डोळे उघडे ठेवून पडला होता, पण हाक मारली तरी त्याला कळत नव्हतं. तेही मनातून जात नाही.

भूलतज्ज्ञ म्हणाले, आईंच्या कपाळाला पट्टी लावू, मेंदूच्या लहरी दिसतील, आकडा ४० ते ६० मध्ये ठेवू. जाऊबाई म्हणतात, ही शॉक द्यायची वायर आहे. आईला एकच भीती, मध्येच जाग आली तर? वेगवेगळ्या औषधांनी मेंदूत वेगवेगळं काय होतं ते मला नीट समजावून सांगा. आणि तो आकडा बरोबर असला की झालं का?

— एक वाचक

ताई,

आधी जाऊबाईंची भीती घालवूया. ती पट्टी मेंदूला झटका देत नाही, मेंदूतली वीज टिपते. त्यावरून यंत्र ० ते १०० मधला एक आकडा काढतं: पूर्ण जागेपणी तो शंभराच्या जवळ, भूल खोल होईल तसा खाली. मेंदूच्या पेशी एकमेकींना संदेश देतात ते विजेच्या बारीक फेरफारांनी. असंख्य पेशी एकाच ठेक्यात चालल्या की त्यांची बेरीज कवटीतून झिरपत कपाळाच्या कातडीपर्यंत येते. तिथं ती मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत, मोजावी लागते. ईसीजीत दिसणाऱ्या हृदयाच्या विजेपेक्षा कितीतरी बारीक. म्हणून पट्टी लावण्याआधी कपाळ पुसून कोरडं करतात. तेल असलं तर नीट टिपलं जात नाही. आईला त्या दिवशी डोक्याला तेल लावू देऊ नका.

जर्मनीत येना इथं काम करणारे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. १९३७ मध्ये बोस्टनच्या गिब्ज पतिपत्नी आणि लेनॉक्स यांनी दाखवून दिलं, की औषध बदललं की लहरींची चाल बदलते. ऑपरेशनच्या वेळी भूल किती खोल आहे हे यावरून मोजता येईल, असंही त्यांनी तेव्हाच सुचवलं. म्हणजे विचार जुना आहे. छोट्या यंत्रात बसून तो सांगली-मिरजेच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, यायला मात्र बराच काळ गेला.

तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून लहरींची नावं सांगते, पुढे लागतील. डोळे मिटून शांत बसलेल्या जाग्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांची लहर असते, ती अल्फा. डोळे उघडले की ती विरते. १३ ते ३० म्हणजे बीटा, त्याच्या वर गॅमा. ४ ते ८ थीटा, ४ च्या खाली डेल्टा, आणि १ च्याही खाली एक अतिसंथ लहर असते. मेंदूत एका वेळी यातली एकच लहर असते असं समजू नका. सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. औषधानं बदलतो तो त्यांचा मेळ.

आईला झोपवण्यासाठी बहुधा प्रोपोफॉल देतील. पांढरं इंजेक्शन असतं, शिरेत जाताना हाताला चुरचुरतं. आईला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तेवढ्यानंही घाबरतील. औषध मेंदूत पोचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. पहिल्या काही क्षणांत लहरी मंद होण्याऐवजी वेगवान होतात, बीटाच्या पट्ट्यात जातात. काही माणसं याच वेळी चुळबुळतात, काहीबाही बोलतात. मग पापणीला बोट लावलं तरी ती मिटत नाही, श्वास थांबतो (तिथून पुढे श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञांची) आणि पडद्यावर दोन गोष्टी एकदम उभ्या राहतात. एक, उंच, अतिसंथ लहर. दुसरी, कपाळामागे सेकंदाला ८ ते १२ ची ठळक, एकसारखी अल्फा. जागेपणी डोक्याच्या मागे असते त्याच वेगाची, पण घडण वेगळी आणि जागा पुढची.

हे का होतं ते फार सुंदर आहे, म्हणून इथं जरा थांबते. गाबा नावाचं रसायन मेंदूतल्या पेशींना शांत करतं. प्रोपोफॉल त्याचा परिणाम वाढवतं. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस आणि वरचं आवरण म्हणजे कॉर्टेक्स यांच्यात एरवी सतत बदलती देवाणघेवाण चाललेली असते. प्रोपोफॉलमुळे ती दोघं एकाच ठेक्यात अडकतात. कपाळाशी दिसते ती अल्फा याच अडकलेल्या फेऱ्याची. अतिसंथ लहरीचं काम वेगळं. तिच्या प्रत्येक फेरीत कॉर्टेक्सच्या पेशींना थोडाच वेळ बोलता येतं, बाकीचा वेळ त्या गप्प असतात. त्यातही एका भागातल्या पेशी बोलत असतात तेव्हा दूरच्या भागातल्या गप्प असतात, त्यांच्या वेळा जुळत नाहीत. पॅट्रिक पर्डन, एमरी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना हळूहळू प्रोपोफॉल देऊन हा सगळा प्रवास, शुद्ध हरपण्यापासून परत येण्यापर्यंत, लहरींतून नोंदवला. मेंदू बंद पडत नाही, ताई. त्याच्या भागांचं एकमेकांशी बोलणं तुटतं. म्हणून पोटाला छेद दिल्याचा संदेश आत शिरला तरी तो ‘मला दुखतंय’ या जाणिवेपर्यंत पोचत नाही.

आम्ही पेशंटला ‘आता झोपा हं’ म्हणतो ते धीर देण्यासाठी. ही झोप नसते. झोपेत मेंदू रात्रभर एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात राहतो आणि हलवलं की जागा होतो. पूर्ण भुलेत औषध चालू आहे तोवर तो एकाच अवस्थेत धरून ठेवलेला असतो.

एकदा भूल चढली की पुढं ती टिकवण्यासाठी बहुतेक ठिकाणी श्वासातून सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन देतात. यांचं कामही मुख्यतः गाबामार्फत चालतं, त्यामुळे लहरी प्रोपोफॉलसारख्याच दिसतात: संथ लहर आणि कपाळाशी अल्फा. फरक एवढाच की वायूचं प्रमाण वाढलं की मधली ४ ते ८ ची थीटाही भरून येते. वायूची एक जमेची बाजू आहे. पेशंट बाहेर सोडत असलेल्या श्वासात तो किती टक्के आहे हे यंत्र दर श्वासाला मोजतं. शिरेतून प्रोपोफॉल चालू असेल तर रक्तात ते किती आहे हे असं थेट दिसत नाही; पंप हिशेबानं देत राहतो. लहरी बघण्याचं महत्त्व त्यामुळे तिथं जास्त.

आता तुमचा भाचा. त्याला केटामिन दिलं असणार. तुम्ही लिहिलेली खूण जवळजवळ निश्चितच त्याची. केटामिनचा रस्ता उलटा आहे. ते पेशींवरचे एनएमडीए नावाचे संदेश घेणारे दरवाजे अडवतं, आणि त्यातही आधी त्या पेशींवर काम करतं ज्या इतर पेशींना आवर घालत असतात. आवर सुटल्यावर बाकीच्या पेशी जास्तच जोरात चालू लागतात. म्हणून केटामिनखाली लहरी मंद होण्याऐवजी वेगवान होतात, २५ ते ३२ च्या आसपास. डोळे उघडे, बुबुळं हलत असतात, तोंडात लाळ येते, आणि तरी त्या मुलाला हात ओढल्याचं कळत नाही, कारण बाहेरून येणारं आणि आत चाललेलं यांचा संबंधच तुटलेला असतो. श्वास चालू राहतो आणि बीपी सहसा पडत नाही. लहान गावातल्या दवाखान्यात मोडलेला हात बसवायला, भाजलेल्याचं ड्रेसिंग करायला हे औषध किती आधाराचं आहे, हे आमच्यातल्या कुणालाही विचारा. उठल्यावर काही जणांना विचित्र स्वप्नं आठवतात, घाबरायला होतं. भाचा नंतर रडला असेल तर ते यामुळे. त्याच्या मेंदूला त्यातून काही इजा झाली, हे मनातून काढून टाका.

आणि इथंच तुमच्या शेवटच्या प्रश्नाची किल्ली आहे. त्या वेळी भाच्याच्या कपाळाला पट्टी लावली असती तर आकडा चढलेला दिसला असता. जागा असल्यासारखा. मुलगा मात्र पूर्ण बेशुद्ध. आकडा चुकला का? यंत्रानं त्याचं काम केलं. वेगवान लहरी म्हणजे जाग, मंद लहरी म्हणजे भूल, असं त्याला प्रौढ माणसांच्या, मुख्यतः गाबावर चालणाऱ्या औषधांच्या नोंदींवरून शिकवलेलं आहे. केटामिन त्या हिशेबात बसत नाही.

हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हाही याच वर्गातला. त्याच्यामुळे आकडा पुरेसा उतरतोच असं नाही. डेक्समेडेटोमिडीन हे गुंगी आणणारं औषध मात्र वेगळंच आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचं छोटं केंद्र असतं, जागं ठेवणाऱ्या रसायनाचा पुरवठा तिथून होतो. हे औषध तो पुरवठा कमी करतं. लहरींमध्ये खऱ्या झोपेत येतात तशा १२ ते १६ आवर्तनांच्या छोट्या चाती (मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते लहरींचे झुबके) दिसतात, हाक मारली की माणूस डोळे उघडतो. आकडा मात्र खोल भुलेसारखा खाली गेलेला असू शकतो. पोटाच्या ऑपरेशनला ते एकटं पुरत नाही, जोडीला वापरतात.

मिरजेत तंबोरे बनतात, तुम्ही ऐकले असतील. चार तारा एकत्र वाजत असतात, तरी जाणत्याला प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, कोणती उतरली ते लगेच कळतं. कपाळावरच्या पट्टीतून येणाऱ्या लहरी अशाच ऐकायच्या असतात. ० ते १०० चा आकडा म्हणजे त्या साऱ्या आवाजाला दिलेले एकूण गुण. गुण उपयोगाचे असतात, पण कोणती तार उतरली ते गुणांवरून समजत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की आकडा बघणाऱ्यानं त्याच्या शेजारची लहरही बघावी. आताच्या यंत्रांवर ती दिसते, बऱ्याच यंत्रांवर तिचा रंगीत पटही दिसतो: खाली संथ लहरींचा गडद पट्टा, वर अल्फाचा दुसरा. सर्जननं कापताक्षणी वरचा पट्टा विसकटला, तर दुखणं मेंदूपर्यंत पोचू लागलंय, वेदनाशामक वाढवायला हवं, असं सरावलेला भूलतज्ज्ञ ओळखतो. आकडा बदलायला अर्धा मिनिट किंवा जास्तही लागतं; लहर आधीच सांगून मोकळी होते. जाग येतानाही तसंच. संथ लहर ओसरते, अल्फा वेग घेत बीटाकडे सरकते, मग माणूस डोळे उघडतो.

आणखी एक गोष्ट आकड्यात लपते. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवावं लागतं, त्यासाठी स्नायू सैल करायचं औषध देतात. ते बेशुद्ध करत नाही, फक्त हालचाल थांबवतं. पण कपाळाच्या स्नायूंची वीजही पट्टीत मिसळत असते. स्नायू सैल झाले की ती जाते आणि आकडा उतरतो. पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना केवळ हे औषध देऊन बघितलं, तेव्हाही आकडा खाली आला होता. नुसत्या आकड्यावर विसंबणं किती धोक्याचं, हे यावरून समजावं.

यातूनच आईच्या भीतीकडे येते. ती भीती खोटी नाही, म्हणून ‘काही होत नाही’ असं म्हणून मी ती उडवून लावणार नाही. भुलेत मध्येच जाग येऊन ते पुढे आठवणं घडतं, पण फार क्वचित. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी देशभरातून नोंदी गोळा करून २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यात पेशंटनं आपणहून सांगितलेल्या अशा घटनांचं प्रमाण साधारण १९ हजार भुलांमागे एक निघालं. मुद्दाम, पुन्हा पुन्हा विचारलं की प्रमाण वाढतं. जुन्या अभ्यासांत ते हजारात एक ते दोन आलं आहे. त्या अहवालातले दोन तृतीयांश प्रसंग भूल चढताना किंवा उतरताना घडलेले होते, आणि स्नायू सैल करायचं औषध दिलेल्यांमध्ये ते जास्त होते.

पट्टीनं हे टळतं का? धोका जास्त असलेल्या सुमारे २,५०० पेशंटवर ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानं झालेला अभ्यास २००४ मध्ये आला. पट्टी लावलेल्या गटात असे दोन जण निघाले, न लावलेल्या गटात अकरा. पुढे २०११ मध्ये ६,००० पेशंटच्या अभ्यासात वेगळी तुलना केली: एकीकडे पट्टीचा आकडा, दुसरीकडे श्वासातल्या वायूचं प्रमाण कमी झालं की वाजणारी घंटा. पट्टी सरस ठरली नाही. मी यातून असा अर्थ लावते: आईची भूल वायूवर चालवणार असतील आणि वायू मोजून घंटा लावलेली असेल, तर जाग येण्याच्या दृष्टीनं पट्टी नसली तरी चालतं. शिरेतून प्रोपोफॉलवरच चालवणार असतील तर पट्टी असावी, असं मी आग्रहानं म्हणेन. आईला हे सगळं सांगू नका. एवढंच सांगा, की डोक्याशी एक माणूस सबंध वेळ फक्त तुझ्यासाठी उभा असतो.

तुमच्या आईला ती पट्टी मला हवी आहे ती आणखी एका कारणासाठी. त्यांचं वय.

वयानुसार मेंदूच्या लहरी पातळ होतात. विशीतल्या माणसाला प्रोपोफॉल दिलं की अल्फा भरघोस दिसते. सत्तरीत ती बुटकी असते, कधी जेमतेम. (अगदी दुसऱ्या टोकाला, चार महिन्यांच्या आतल्या बाळाला सेव्होफ्लुरेन दिलं तर कपाळाशी अल्फा दिसतच नाही. तोवर थॅलॅमस आणि कॉर्टेक्समधलं ते जाळं विणलेलंच नसतं.) वायूची गरजही चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ६ टक्क्यांनी घटते. तरण्या माणसाला जेवढं लागतं तेवढंच सत्तरीच्या बाईला दिलं, तर लहरी काही सेकंद सपाट, मग एकदम उसळी, पुन्हा सपाट, अशा होतात. तेवढी खोल भूल आईच्या ऑपरेशनला लागत नाही. ती टाळता येते, आणि ती टाळायला लहर दिसावी लागते. आकडा ४० च्या खूप खाली गेला तर हीच शंका घ्यायची असते. हसऱ्या चेहऱ्यानं विचारा: ‘डॉक्टर, आईचं वय जास्त आहे, लहरी सपाट होणार नाहीत याकडे लक्ष द्याल ना?’ हा प्रश्न ऐकून कुठलाही चांगला भूलतज्ज्ञ रागावणार नाही.

मात्र सपाट लहरी टाळल्या की भ्रम टळतोच, असं मी लिहून देऊ शकत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत १,२३२ वयस्क पेशंटवर अभ्यास झाला. लहरी बघून भूल हलकी ठेवलेल्या गटात नंतर भ्रम झाला २६ टक्क्यांना, नेहमीच्या गटात २३ टक्क्यांना. म्हणजे फायदा दिसला नाही. २०२१ मधल्या दुसऱ्या अभ्यासात आकडा ५० च्या आसपास ठेवलेल्यांत १९ टक्के, ३५ च्या आसपास ठेवलेल्यांत २८ टक्के. इथं फायदा दिसला. माझा कल हलक्या, पुरेशा भुलेकडे आहे. पण ज्याच्या मेंदूच्या लहरी मुळातच नाजूक, त्याला थोड्या औषधातही लहरी सपाट होतात आणि त्यालाच पुढे भ्रम होण्याची शक्यता जास्त, असंही असू शकतं. मग दोष भुलेचा नसून नाजूकपणाचा ठरतो.

आता वडिलांचं. तुम्ही स्वतःच लिहिलंत, त्यांना कमरेत इंजेक्शन दिलं होतं. म्हणजे तेव्हा पूर्ण भूल नव्हतीच, आणि तरी भ्रम झाला. खुबा मोडलेल्या १,६०० पेशंटवर अमेरिका-कॅनडात झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कमरेतलं इंजेक्शन आणि पूर्ण भूल, दोन्ही गटांत भ्रमाचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, साधारण पाचात एक. मोडलेलं हाड, दुखणं, रक्तस्राव, अपुरी झोप, अनोळखी वॉर्ड, लघवीची नळी, पोट साफ न होणं, चष्मा घरी राहिलेला, या सगळ्यांनी मिळून मेंदू भांबावतो. वडील बागेत पाणी सोडायला निघाले, कारण आयुष्यभर रात्री वीज येईल तेव्हा उठून मोटर चालू करायला ते निघालेच असणार. भांबावलेला मेंदू ओळखीच्या कामाकडे धावतो. आपल्याकडे अशा वेळी लोक म्हणतात लागीर झालं, कुणी म्हणतं वेड लागलं. दोन्ही नाही. हे बहुतेकदा काही दिवसांत निवळतं. तुमच्या वडिलांचं निवळलं, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी ‘दोन-तीन रात्री’ या शब्दांवरून मी तसं धरून चालते. त्यांची स्मृती तेव्हापासून सावरलेलीच नसेल, तर मात्र त्यांना वेगळं दाखवा.

आईचं ऑपरेशन ठरवून होणार आहे, हाड मोडून घाईनं नाही. हा मोठाच फरक आहे. तयारीला वेळ आहे. तो वापरा. भूलतज्ज्ञांकडे तपासणीला आईला स्वतः घेऊन जा, नुसते कागद पाठवू नका. आई मिश्री लावत असतील तर सांगा. आपल्या भागातल्या कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरपुढे लेकीसमोर लाजेनं नाही म्हणतात. हवं तर तुम्ही बाहेर थांबा आणि त्यांना एकट्या भूलतज्ज्ञांना सांगू द्या, पण सांगायला हवं. झोपेची गोळी चालू असेल तर ती फार महत्त्वाची माहिती आहे: तीही गाबावरच चालते, लहरी बदलते, आणि अचानक बंद केली तरी भ्रम होऊ शकतो. मेडिकलमधून परस्पर आणलेली ‘साधी गोळी’ असेल तर पाकीट घेऊन जा. वैद्यांचे काढे, बीपी-शुगरच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून न्या आणि कोणती कधी बंद करायची ते लिहूनच घ्या. आधी कधी भूल दिली होती का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, ऐकायला कमी येतं का, नाव किंवा वार विसरतात का, हेही सांगा.

अन्न ऑपरेशनआधी सहा तास बंद. दुधाचा चहा हा अन्नच धरायचा. ‘घोटभर तर चहा’ हे सांगलीकडे फार चालतं आणि ऑपरेशन पुढे ढकलायला लावतं. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या रुग्णालयात सांगतील तेच पाळा. कवळी काढायची. हातातली काकणं काढायला आई तयार नसतील तर आदल्या दिवशी घरीच, सावकाश, स्वतःच्या हातानं काढू द्या. ओटीच्या दारात घाईघाईनं काढायला लावली की त्या हादरतील.

ऑपरेशननंतर चष्मा आणि कानाचं मशीन लगेच परत द्या. पहिल्या रात्री ओळखीचं एकच माणूस जवळ असू द्या, गर्दी नको. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, कशासाठी आलो, हे बोलता बोलता सांगत राहा. दुखत असेल तर सोसू देऊ नका. आपल्या आया दुखणं गिळतात आणि न शमलेलं दुखणं हेही भ्रमाचं एक कारण आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकर उठवून चालवा. आणि आई असंबद्ध बोलू लागल्या, किंवा उलट अगदी गप्प, सुस्त झाल्या, तर नर्सना ताबडतोब सांगा. गप्प भ्रम जास्त निसटतो, लोक म्हणतात ‘थकल्यात, झोपू दे’.

भूलतज्ज्ञांना विचारायचे प्रश्न फार नाहीत. भूल वायूवर चालवणार की शिरेतून? वायू मोजायचं यंत्र आणि घंटा आहे का? पट्टीवर आकड्याबरोबर लहर दिसते का? केटामिन जोडीला देणार असाल तर आकडा कसा धराल? हा शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलात तर ते बहुधा थबकतील आणि मग खुर्ची ओढून तुमच्याशी बोलतील. तुम्हाला समजेल अशा भाषेत ते उत्तर देत असतील तर निर्धास्त व्हा, पट्टी कोणत्या कंपनीची आहे याला महत्त्व नाही.

घरी सोडताना भुलेच्या नोंदीच्या कागदाची प्रत मागून घ्या. कोणती औषधं दिली, किती, लहरी कधी सपाट झाल्या का, श्वासाची नळी घालायला अडचण आली का, हे त्यावर असतं. डिस्चार्ज कार्डवर यातलं सहसा काहीच नसतं. आईंच्या फाइलमध्ये तो कागद वरच लावा, आणि वडिलांच्या फाइलमध्येही एक चिठ्ठी लावून ठेवा: ‘खुब्याच्या ऑपरेशननंतर भ्रम झाला होता.’ पुढच्या वेळी त्यांना कुठंही दाखल करावं लागलं, तर समोरच्या डॉक्टरांना ती पहिल्या पाच मिनिटांत लागेल.

तुमची,
मिरजेची एक निवृत्त भूलतज्ज्ञ